चौकातली येळवस

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या गल्लीत ताकाची चौकशी सुरू होते. एरवी चहालासुद्धा पिशवीतलं दूध वापरणाऱ्या बाया "कुणाकडं घरचं ताक मिळंल का ओ?" करत दारोदार फिरतात. वेळ अमावस्या जवळ आलेली असते. आम्ही तिला येळवस म्हणतो. येळवशीच्या आंबिलीला घरचं आंबट ताकच लागतं, पिशवीतल्या ताकाची आंबील म्हणजे निव्वळ फसवणूक, यावर आमच्याकडं सगळ्या जातींचं आणि सगळ्या पक्षांचं एकमत आहे. बाजारात मातीची बिंदगी, म्हणजे आंबिलीची छोटी मडकी, मांडलेली असतात, तुरीच्या आणि वालाच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. परवा मंडईतून येताना समोरचे रिटायर कंडक्टर भेटले. "काय सर, यंदा येळवशीला शेतात का?" मी "बघू" म्हणालो आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गेल्या वर्षापर्यंत हे मला विचारायची कुणाची छाती नव्हती. शेतात नाही तर काय घरात बसतो का, म्हणून खेकसलो असतो.

यंदा मला माझ्याच शेतात जायची लाज वाटत होती. सरळच सांगतो, आढेवेढे घ्यायचं वय राहिलेलं नाही.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी हुरड्याला आलेली, हरभऱ्यातून चाललं की त्याची आंब पोटऱ्यांना चरचरते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, म्हणजे वर बांधलेली, खाली माणूस वाकून आत जाईल एवढी झोपडी. तिच्यात पाच दगड, ते पाच पांडव. त्यांना चुना लावायचा, वर तांबड्या कावेची बोटं ओढायची, शाल पांघरायची. पुढं भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. भज्जी म्हणजे तुमची बेसनाची भजी नव्हे. सगळ्या शेंगांचे दाणे, सगळ्या पालेभाज्या एका भांड्यात शिजवून केलेली ती चीज आहे, तिला दुसरं नाव नाही. मग शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरायचं आणि "ओलगे ओलगे!" म्हणून आरोळी द्यायची. ही आरोळी कानडी मुलखातून आली म्हणतात. अर्थ मला माहीत नाही, माझ्या थोरल्या भावाला, दादाला माहीत नव्हता, दादाला शिकवणाऱ्यांनाही नसावा. एकानं ओरडायचं आणि मागच्यांनी साथ द्यायची. शेजारच्या शेतातूनही साथ येते, त्याच्या पलीकडच्याही.

दगडांना चुना लावायचं काम लहानपणी माझ्याकडं होतं. काडीला चिंधी गुंडाळून मी ते इतक्या मन लावून करायचो की आई म्हणायची, "ह्यो पोरगा एकतर पुजारी हुईल न्हाई तर रंगारी." दोन्ही झालो नाही, ड्रॉइंगचा मास्तर झालो. गावाचं नाव सांगत नाही. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, म्हणजे गणिताच्या सरांनी मागितला की माझा तास त्यांना दिला. शेत अहमदपूरच्या पलीकडं. दादा होता तोवर दादानं कसलं, तो गेल्यावर वैनी कसते. मी येळवशीला जायचो, चुना लावायचो, पोटभर जेवायचो आणि हुरड्याची पिशवी घेऊन परत यायचो.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मला कुणी विचारलं नाही. मग एक दिवस पालिकेचं पत्र आलं. शहर सांस्कृतिक व सुशोभीकरण समिती, सदस्य म्हणून आपली निवड. खोटं कशाला बोलू, मी ते पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. "घरातल्या भिंतीचे पोपडे निघालेत," ती म्हणाली, "अन् निघाले गाव सजवायला." मी कार्डं छापून घेतली.

समितीच्या बैठका पालिकेच्या वरच्या मजल्यावर व्हायच्या. वर्षभरात काय कार्यक्रम घ्यायचे, कुठल्या भिंती रंगवायच्या, बसस्टँडजवळच्या मोठ्या चौकात काय उभारायचं, असे विषय. एका सदस्याला चौकात डॉल्फिनचं कारंजं हवं होतं. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, आणि डॉल्फिन तर तालुक्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्याला लाल बदाम आणि त्यापुढं गावाचं नाव हवं होतं, फोटो काढायला. सभापती सगळ्यांचं हसून ऐकायचे आणि शेवटी माझ्याकडं वळायचे. "सर, तुम्ही कलेतले. तुम्ही बोला."

मी बोललो. "आपल्या मातीतलं काहीतरी पाहिजे. आपली येळवस. चौकात कोप करू, पोलादी पट्ट्यांची. आणि आत पाच पांडव, खरे, शेतातले. माझ्या शेतातले आहेत शे-दीडशे वर्षांचे." हा आकडा कुठून आला मला माहीत नाही. तोंडाला येईल ते बोलत होतो. टाळ्या वाजल्या. सभापती उठून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या हातात हात असताना मला जे वाटलं ते चौतीस वर्षांत शाळेत एकदाही वाटलं नव्हतं. पुढचं सगळं त्या सुखापायी झालं.

दुसऱ्याच दिवशी पालिकेची जीप घेऊन वैनीकडं गेलो. ती खळ्यात सोयाबीनचं भुसकट गोळा करून राहिली होती. मी सांगितलं ते तिनं पूर्ण ऐकलं.

"दगड न्यायचे? गावात?"

"चार दिवस. साचा काढतो, त्यावरनं फायबरचे करून घेतो. चौकात ते बसवायचे. आपले येळवशीच्या आधी परत."

"सासूबाईनं मला सांगितलं हुतं, भावजी. त्येन्ला रानातनं हलवायचं न्हाई म्हून."

"वैनी, मान हाय आपल्या घराचा. पालिकेचं काम हाय."

तिनं हातातलं भुसकट खाली ठेवलं. "तुम्ही शिकलेले हाव," ती म्हणाली, "तुम्ही म्हणताव तर काय वाईट हुणार न्हाई." मग तिनं स्वतः पाचही दगड पाण्यानं पुसले, एकेकाला हळदीकुंकू लावलं आणि गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये ठेवले. जीप निघाली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून हात जोडले. मी पुढच्या सीटवर बसलो होतो, मला वाटलं मलाच जोडले. मीही हात हलवला.

साचा काढला नाही. फायबरवाला लातूरचा, त्याला उशीर लागणार होता, आणि सभापती म्हणाले, "सर, अस्सल असताना नकली कशाला?" हे म्हणणं मूळ माझंच होतं, त्यांनी मला परत दिलं. मला नाही म्हणता आलं असतं. वैनीला शब्द दिलाय, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. त्याऐवजी मी चौथऱ्याची उंची किती ठेवायची यावर बोलायला लागलो. दगड सिमेंटात बसवले. पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवले, कारण चुना पावसात जातो. वैनीला कळवू कळवू म्हणत राहिलो. तिच्या गावच्या कुणीतरी बाजाराला येऊन चौकात पाहिलं आणि तिला सांगितलं. तिचा फोन आला नाही. मला वाटलं, बरं झालं, समजून घेतलं तिनं.

अनावरणाला नांदेडचे एक पाहुणे यायचे होते, कलेतले मोठे जाणकार. त्यांना येळवशीचाच दिवस मोकळा होता. "येळवशीचं शिल्प अन् येळवशीच्याच दिवशी! काय योग हाय सर!" सभापती म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे इथल्याच मातीत वाढलेले. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, दुकानांना कुलपं असतात, हे एकाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रत्येकाला वाटलं, बाकीचे थांबतील. मलाही वाटलं.

कुणी थांबलं नाही. अर्धापूरकडून मागवलेले केळीचे खांब लावून मोठी कमान केली होती, तिच्याखालून कुत्री जात होती. मांडवभर खुर्च्या आणि त्यांत पालिकेचे कर्मचारी. त्यांनाही शेतात जायचं होतं, ते घड्याळाकडं बघून राहिले होते. पाहुण्यांना मी सांगत होतो की लोक येतील, अजून सकाळ आहे.

तेवढ्यात बसस्टँडकडून वैनी आली. डोक्यावर टोपलं, कमरेवर घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं आंबिलीचं बिंदगं. हिरवं इरकल नेसलेली, पायांत चपला नाहीत. पूजेला शेतात जाताना ती चपला घालत नाही, आणि शेतातले देव चौकात होते म्हणून ती तशीच एस्टीनं आली होती. रिकाम्या खुर्च्यांमधून सरळ चालत ती चौथऱ्यापाशी गेली. साखळी लावलेली होती, ती तिनं एका हातानं उचलली आणि वाकून आत गेली. आमच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. टोपलं उतरवलं, डबीतून चुना काढला आणि ऑइलपेंटवर बोटानं लावायला लागली. तो काही नीट बसेना, ओघळून राहिला होता. तरी तिनं पाचांनाही लावला.

निवेदिकेनं माइक उचलला. बिचारीची चूक नाही, तिला वाटलं ठरलेलं आहे. "आणि रसिकहो, आता आपल्यासमोर सादर होत आहे आपली अस्सल लोकपरंपरा!" टाळ्या पडल्या. फोटोवाला धावला. पाहुणे माझ्याकडं वळले, त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. "वा, सर! काय सहजता आहे! या बाईंना कुठून मिळवलंत?"

आमच्या वैनी. दोन शब्द होते. वैनी चार हातांवर होती, तिचं बोट शेवटच्या दगडावर थांबलं होतं.

मी म्हणालो, "बरंच फिरावं लागलं."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. आज वर्ष झालं, आंघोळीला बसलो, जेवायला बसलो, की ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि मी एकटाच असताना "छ्या!" म्हणून मोठ्यानं ओरडतो. बायको आतून विचारते, काय झालं? काही नाही, म्हणतो. भाजलं जरा.

वैनीनं नैवेद्य दाखवला. मग आंबिलीचं भांडं हातात घेऊन ती चौथऱ्याभोवती शिंपडत फिरली, आणि तिनं आरोळी दिली. "ओलगे ओलगे!" चौकात ती आरोळी इतकी लहान वाटली. साथ द्यायला कुणी नव्हतं. तिनं थांबून वाट बघितली, जशी शेतात बघतात. माझ्या छातीपर्यंत आरोळी आलेली होती, साठ वर्षांची सवय ती. पण मी पाहुण्यांशेजारी उभा होतो, अंगावर जाकीट होतं, छातीला बिल्ला होता. मी खाकरलो आणि गप्प बसलो. सभापतींनी मग तिला शाल दिली, लोककलावंत म्हणून. तिनं ती घेतली, उलगडली आणि दगडांवर पांघरली. त्यावरही टाळ्या पडल्या. निघताना ती माझ्यापाशी थांबली. "भावजी, उंडे ठेवलेत टोपल्यात. खाऊन घ्या," म्हणाली. मी घड्याळ बघून "हो, हो, नंतर" म्हणालो, जसं एखाद्या पालकाला वर्गाच्या दारातून म्हणतात. पाहुण्यांनी भावजी ऐकलं का, याच भीतीनं माझे कान तापले होते. ती एस्टीकडं निघून गेली. दुपारी मांडव उतरवताना कुणीतरी ते टोपलं बाजूला सारलं, पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वैनी पाठमोरी, मी समोरून. मी तो कापून ठेवला होता. काही दिवसांनी जाळला. जाळतानाही वाटलं, आपण हे कुणाला दाखवण्यासाठी जाळतोय? घरात कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात चौकातला नाला मोठा करायचं निघालं. एका सकाळी मशीन आलं आणि चौथरा, कोप, पांडव, सगळं उचललं. समितीला कुणी विचारलं नाही, आणि समिती तोवर राहिलीही नव्हती. आता तिथं लाल बदाम आहे. मला हे चार दिवसांनी कळलं, कारण मी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं होतं.

यंदा गल्लीत ताकाची चौकशी सुरू झाली तेव्हा मात्र राहवेना. पालिकेच्या गोदामामागं राडारोडा टाकतात, तिथं गेलो. फरशांचे तुकडे, मोडके बाक, पाइप, आणि दगड. दगडच दगड. मशीननं सिमेंट फोडताना रंगही खरवडून निघाला असावा, पांढरे म्हणावेत असे पंधरा-वीस होते. मी उकिडवा बसलो आणि एकेक हातात घेऊन पाहिला. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, आधी नीट बघा, मग काढा. आणि ज्यांच्यापुढं डोकं टेकून मोठा झालो ते पाच मला ओळखू येईनात. दरवर्षी आधीच्या वर्षीच्या चुन्यावर नवा चुना फासलेला, तेवढंच मला माहीत होतं. खालचा दगड मी कधी पाहिलेलाच नव्हता. दोन तास बसलो. वॉचमननं विचारलं, "काय हरवलंय का सर?" शेवटी त्यातल्या त्यात बरे पाच निवडले आणि पोत्यात घातले. घरी येऊन ब्रशनं धुतले. वाटलं, चुना लावला की कुणाला कळणार आहे? हा विचारही माझ्या डोक्यात आला, तोही सांगून टाकतो.

येळवशीच्या सकाळी, म्हणजे काल, रिक्षानं फाट्यापर्यंत गेलो. तिथून पायी. खांद्यावर पोतं. आभाळ निळं, ज्वारीच्या कणसांवर ऊन, प्रत्येक शेतातून धूर आणि भज्जीचा वास. बांधाबांधावरून लोक हाका मारत होते. "ओ पाव्हणं! या, आंबील पिऊन जा!" ओळख ना पाळख. आमच्याकडं येळवशीला अशीच रीत आहे. शेताजवळून जाणारा कुणी असो, त्याला हाक मारायची, जेवल्याबिगर सोडायचं नाही. मी हात हलवत पुढं जात होतो.

वैनी कोपीपाशी होती. मला बघून उठली. मी पोतं उतरवलं, तोंड सोडलं. दगड बाहेर काढून ओळीनं मांडले. तिनं खाली बसून एकेक उलटा केला, तळाकडून बघितला, अंगठा फिरवला.

"हे आपले न्हाईत, भावजी."

"मला वळखू आले न्हाईत, वैनी."

"मोठ्याच्या बुडाला टवका हाय. दोन लहान्याला तांबडी रेघ हाय. मी पुसायची ना दरसाली, चुन्याच्या आदी." ती हे चढ्या आवाजात म्हणाली नाही. मग मला कोपीत दिसलं. काळ्या मातीची पाच ढेकळं, चुना लावलेली, कावेची बोटं ओढलेली, वर तिची जुनी शाल. पूजा झालेली होती.

मी म्हणालो, "वैनी, दगडांचं माझ्याकडनं लई वाईट झालं."

"दगडांचं काय न्हाई. रान हाय तर देव मिळतेत." तिनं पदरानं हात पुसले. "त्या सायबानं तुम्हाला इचारलं, हिला कुठनं आणलं म्हून. मी बोट थांबवून उभी हुते. म्हणलं, बघावं भावजी काय सांगतेत."

हरभऱ्यात कुणीतरी आरोळी दिली, लांबून साथ आली. मी खाली बघत होतो.

"बसा," ती म्हणाली. तिनं पत्रावळ टाकली, कोपीच्या तोंडाशी, घरची माणसं आत बसतात तिथं नाही. "वाटंनं चाललेल्यालाबी आज कुणी उपाशी धाडीत न्हाई. जेवा."

मी बसलो. तिनं भज्जी वाढली, उंडे वाढले, वरून तेल घातलं, खीर दिली. आंबील मी मागायच्या आत पुन्हा भरली. वाटेवरून हाक मारून बोलावलेल्या माणसाला जसं वाढतात तसं, हात जराही आखडता न घेता, ती मला वाढत राहिली.